फॉयरझेजवळचे भाड्याचे घर : श्टुटगार्टमधील साडेतीन वर्षांचा अनुभव

श्टुटगार्टच्या पश्चिम भागात, फॉयरझे तळ्यापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, चौथ्या मजल्यावरचे एक घर आम्ही ऑक्टोबर २०२१ मध्ये भाड्याने घेतले आणि मार्च २०२५ अखेर रिकामे केले. जागा ६४ चौरस मीटर, खोल्या अडीच, इमारत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, लिफ्ट नाही. घर एका कंपनीच्या मालकीचे होते. तिचे नाव मी येथे देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते एका कंपनीपुरते नाही. पाचपैकी साडेतीन तारे मी देते. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी इकडे येणाऱ्या आणि 'युरोपातले घर' या शब्दांनी मनात काही चित्र रंगवून ठेवलेल्या मराठी कुटुंबांना उपयोग व्हावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमच्याही मनात तसे चित्र होते आणि ते आम्ही नकळत इतरांच्या मनात उतरवत होतो. पहिल्या आठवड्यात चिंचवडला पाठवलेले छायाचित्र फॉयरझे तळ्याचे होते: पाण्यात प्रतिबिंब पडलेले योहानेसकिर्शे चर्च, दुसऱ्या महायुद्धात मनोऱ्याचे टोक गेल्यानंतर तसेच ठेवलेले, आणि काठाने पिवळी पडत चाललेली झाडे. नातेवाइकांचा समज झाला की आमच्या खिडकीतून हेच दिसते. प्रत्यक्षात आमच्या खिडक्या मागच्या अंगणात उघडत. तिथे कचऱ्याचे चार रंगांचे डबे, सायकलींची रांग आणि एका सुताराची कार्यशाळा होती. या भागाची घडणच अशी आहे. रस्त्याच्या बाजूला नक्षीदार दर्शनी भिंती असतात आणि मागच्या अंगणात छोटे कारखाने. बॉश कंपनीची पहिली कार्यशाळाही १८८६ मध्ये याच परिसरातील रोटेब्यूल रस्त्यावर, मागच्या अंगणातील एका इमारतीत सुरू झाली. चाकण आणि पिंपरीच्या कारखान्यांतून इथे आलेल्या माणसाला त्या अंगणाविषयी आपुलकी वाटावी असेच ते आहे, आणि मला ती पुढे वाटू लागली; पण छायाचित्र आम्ही कधी त्याचे पाठवले नाही.

घर मिळवण्यापासूनच समजांना धक्के बसू लागतात. आपण घर बघायला जातो असे आपल्याला वाटते, पण इथे बघितले जाते ते आपल्याला. आमच्या आधी जिन्यावर पंचवीस-तीस माणसे उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात कागदांची जाड फाइल होती: तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, नोकरीचा करार, शूफा या संस्थेचा पत-अहवाल आणि स्वतःविषयीची माहिती भरलेला एक अर्ज. नुकत्याच आलेल्या माणसाचा शूफाकडे काही इतिहासच नसतो, त्यामुळे तो अहवाल जवळजवळ कोरा असतो. आम्हाला सात घरांनी नकार दिला, त्यांतील चार ठिकाणांहून उत्तरच आले नाही. आठवे घर मिळाले ते पतीच्या कंपनीने दिलेल्या पत्रामुळे. एक गोष्ट मात्र चांगली आहे आणि ती नवीन माणसाला माहीत असली पाहिजे. २०१५ पासूनच्या नियमानुसार दलालाची फी ज्याने त्याला काम दिले त्यानेच द्यायची असते, त्यामुळे घरमालकाने नेमलेल्या दलालाने भाडेकरूकडे पैसे मागितले तर ते देऊ नयेत.

चावी मिळाल्यावर आत गेलो तर स्वयंपाकघर नव्हते. खोली होती, भिंतीतून बाहेर आलेले पाण्याचे दोन नळ होते, विजेची एक जाड तार होती. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. छतातून दिव्यांच्या तारा लोंबत होत्या. जाहिरातीत 'बसवलेले स्वयंपाकघर' असा उल्लेख नसेल तर ते नसतेच, हे आम्हाला ठाऊक नव्हते. आधीच्या भाडेकरूने आपला ओटा, फ्रिज आणि शेगडी काढून तळघरात ठेवली होती. तीच आम्ही १,८०० युरोंना विकत घेतली आणि जोडण्यासाठी कारागीर मिळेपर्यंत १९ दिवस न्हाणीघरातील बेसिनवर भांडी घासली. शेगडी विजेची, काचेच्या पृष्ठभागाची. तिच्यावर पोळी होते, पण फुलका शेकायला आणि भाकरीला पापुद्रा आणायला जी उघडी आच लागते ती या घरात साडेतीन वर्षे मिळाली नाही. शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकत नसे, गाळून पुन्हा खोलीतच सोडत असे. त्यामुळे मोहरी-हिंगाची फोडणी दिली की मार्गिकेतील धूरसूचक यंत्र ओरडू लागे. हे यंत्र झोपण्याच्या खोल्यांत आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर असणे या राज्यात कायद्याने सक्तीचे आहे, तेव्हा ते काढून ठेवण्याचा विचारही करू नये. आम्ही फोडणीपूर्वी स्वयंपाकघराचे दार लावायला आणि खिडकी सताड उघडायला शिकलो, बाहेर शून्याखाली पाच अंश असले तरीही.

आता ज्या गोष्टीसाठी मी या घराला पूर्ण गुण देते तिच्याविषयी. आपल्याकडचा ११ महिन्यांचा करार आणि दर वर्षी 'मालक काय म्हणतील' ही धाकधूक ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना इथल्या भाडेकराराचे मोल लगेच कळेल. आमचा करार बेमुदत होता. मालकाला घर रिकामे करून हवे असेल तर कायद्याला मान्य असलेले कारण द्यावे लागते, जसे की स्वतःच्या किंवा जवळच्या कुटुंबीयांच्या राहण्याची गरज. शिवाय त्याने द्यायच्या पूर्वसूचनेची मुदत भाडेकरू जितकी वर्षे राहिला तितकी वाढत जाते: सुरुवातीला तीन महिने, पाच वर्षांनंतर सहा आणि आठ वर्षांनंतर नऊ महिने. भाडेकरूला मात्र कारण सांगावे लागत नाही आणि त्याची मुदत तीन महिन्यांचीच राहते. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही, ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क असतो आणि मालकाने ती स्वतःच्या पैशांपासून वेगळी, व्याज मिळेल अशी ठेवायची असते. शाकाहारी की मांसाहारी, लग्न झाले आहे का, पाहुणे किती येणार, असे प्रश्न आम्हाला एकदाही विचारले गेले नाहीत. घराच्या बाबतीत आपला शब्द ऐकून घेणारा कायदा पाठीशी आहे, ही जाणीव मला पुण्यात वयाच्या तिशीपर्यंत भाड्याच्या घरांत राहूनही कधी मिळाली नव्हती.

भाड्याचे गणित मात्र नीट समजून घ्यावे लागते. इथे 'थंड' भाडे आणि 'उबदार' भाडे असे दोन आकडे असतात. आमचे थंड भाडे ९६० युरो होते. त्यावर तापवणी, पाणी, कचरा, जिन्यातील दिवे, इमारतीचा विमा यांपोटी २३० युरो, म्हणजे उबदार भाडे १,१९० युरो. वीज आणि इंटरनेट यांचे पैसे यात धरलेले नसतात. प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो प्रसारण-शुल्कही भरावे लागते, मग घरात दूरचित्रवाणी संच असो वा नसो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते २३० युरो ही केवळ आगाऊ रक्कम असते. खरा हिशोब पुढच्या वर्षी येतो, आणि तो वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत पाठवणे मालकाला बंधनकारक असते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, आणि पुण्यातील नातेवाइकांना तो दूरच्या बातम्यांमधला वाटत असताना आमच्या घरात तो रेडिएटरच्या मुठीपर्यंत आला. गॅस महागला आणि नोव्हेंबरमध्ये आमची आगाऊ रक्कम ३१० युरो झाली. सरकारने त्या डिसेंबरचा गॅसचा हप्ता स्वतःकडे घेतला आणि २०२३ मध्ये वापराच्या ८० टक्के भागासाठी गॅसच्या दराला किलोवॅट-तासामागे १२ सेंटची मर्यादा घातली, त्याचा आधार झाला. तरीही २०२२ चा हिशोब आला तेव्हा ७४२ युरो बाकी निघाली. त्या हिवाळ्यात आम्ही झोपण्याची खोली १६ अंशांवर ठेवली आणि मुलाने घरात स्वेटर व लोकरी मोजे घालून अभ्यास केला. युरोपात घरे हिवाळ्यात आतून उबदार असतात हे खरे आहे, पण ती ऊब मोजली जाते. प्रत्येक रेडिएटरवर एक छोटे मापक बसवलेले असते.

त्या ७४२ युरोंचा हिशोब आम्ही भाडेकरू संघटनेकडे नेला. जर्मनीतील जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात अशी संघटना असते आणि वर्षाच्या माफक वर्गणीत तिथे सल्ला मिळतो. तेथील सल्लागार बाईंनी कागद चाळून इमारतीच्या रखवालदाराच्या खर्चावर बोट ठेवले. त्यात दुरुस्तीचे आणि व्यवस्थापनाचे पैसे मिसळलेले होते आणि हे दोन्ही खर्च भाडेकरूकडून घेता येत नाहीत. आम्ही लेखी हरकत घेतली, दोन महिन्यांनी सुधारित हिशोब आला आणि आकडा ५९८ झाला. कुणाशी भांडावे लागले नाही, कुणाची ओळख काढावी लागली नाही. पण पत्र लिहावे लागले, जर्मन भाषेत, पुराव्यांसह आणि नोंदणीकृत टपालाने. इथे हक्क आहेत, पण ते कागदावर मागावे लागतात, आणि ज्याला ती भाषा येत नाही त्याच्या वाट्याला ते अर्धेच येतात. म्हणून निघण्यापूर्वी जर्मन शिका असे मी आग्रहाने सांगते. कार्यालयात इंग्रजीवर निभेल, घराच्या व्यवहारात निभणार नाही.

आता केरवोखंविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण श्टुटगार्टमध्ये घर घेणाऱ्याला ते टळत नाही आणि त्याविषयी आधी कुणी सांगत नाही. केरवोखं म्हणजे झाडलोटीचा आठवडा. आपला 'केर' त्या शब्दात अगदी तसाच ऐकू येतो आणि मला तो पहिल्या दिवसापासून लक्षात राहिला. या प्रदेशाचे तेव्हाचे शासक काउंट एबरहार्ड यांच्या काळात, १४९२ च्या नगर-नियमांतच, प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी असे म्हटलेले आहे. १७१४ मध्ये रस्ते साफ ठेवण्याविषयीचा वेगळा आदेश निघाला. नगरपालिकेची सक्ती १९८८ मध्ये संपली, पण प्रथा भाडेकरारांतून टिकून राहिली आणि आमच्याही करारात ते कलम होते. दोन आठवड्यांतून एकदा आमच्या मजल्याचा जिना झाडून पुसायचा, आणि दहा आठवड्यांतून एकदा 'मोठा' आठवडा: तळघराचा बोळ, मागचे अंगण, दारापुढचा पदपथ, आणि हिवाळ्यात त्यावरचे बर्फ. ज्याची पाळी असेल त्याच्या दाराला एक छोटी लाकडी पाटी अडकवली जाते. काम झाले की आपण ती पुढच्याच्या दाराला अडकवायची.

पहिल्यांदा पाटी आली तेव्हा आम्ही जिना झाडला आणि पाटी पुढे दिली. दुसऱ्या दिवशी दाराखालून एक चिठ्ठी आली. तळमजल्यावर राहणाऱ्या वृद्ध बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिले होते की कठडा आणि खिडकीची कड पुसायची राहिली आहे. मला त्या दिवशी फार लागले. परके म्हणून आपल्यावर नजर ठेवली जाते, असे वाटून मी रात्री रडले होते. पुढच्या वेळी त्याच बाई बादली घेऊन वर आल्या, कठडा कसा पुसतात ते त्यांनी दाखवले आणि सांगितले की या घरात त्या १९७४ पासून राहतात व अशी चिठ्ठी आजवर प्रत्येक नव्या भाडेकरूला मिळालेली आहे. दोन वर्षे आम्ही एकमेकींना आडनावाने आणि 'तुम्ही' म्हणूनच संबोधत होतो. तिसऱ्या वर्षी, मुलाच्या वाढदिवसाला, त्यांनी मला आपले पहिले नाव सांगितले आणि 'तू' म्हणण्याची परवानगी दिली. इथे तो मान वयाने मोठ्या माणसाने द्यायचा असतो. आमची सगळी पार्सले त्या घेऊन ठेवत. मी त्यांना दिवाळीत करंज्या नेऊन देत असे आणि त्या नाताळात स्वतः भाजलेली बिस्किटे देत. श्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासूनची भगिनी-शहरे आहेत हे मला त्यांच्याकडूनच कळले.

पण काम हे काम असते आणि ते कुणीतरी करावेच लागते. पुण्यात आमच्याकडे भांड्यांना आणि केर-फरशीला मावशी येत, इस्त्रीवाला दारातून कपडे नेत असे, घंटागाडी येत असे, सोसायटीच्या नळाचे बिघडले तर रखवालदाराला सांगितले की प्लंबर यायचा. २०२३ च्या उन्हाळ्यात सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला फरशी पुसून झाल्यावर धुण्याची टोपली घेऊन चार मजले उतरून तळघरातल्या यंत्रापर्यंत जाताना पाहिले आणि विचारले, "अगं, रोज हे सगळं तूच करतेस? आणि वर नोकरी?" मी म्हटले, "आई, आम्ही दोघं करतो. तुमचा मुलगा संडास-बाथरूम धुतो." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी चिंचवडला फोन करून आमच्या जुन्या मावशींना अडीच हजार रुपये द्यायला सांगितले. आम्ही पाठवलेल्या छायाचित्रांत न दिसणारी गोष्ट त्यांना त्या दिवशी दिसली, आणि आजवर आपल्या घरचे हे काम कोण करत होते हेही.

त्यांच्यासाठी हे घर योग्य नव्हते, हे मला स्पष्ट लिहिले पाहिजे. गुडघे दुखत असल्यामुळे त्या दिवसातून एकदाच खाली उतरत. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असे आणि त्यांना ते आवडले, पण बोलायला कुणी नव्हते. रविवारी दुकाने बंद, रस्ते शांत, काचेच्या बाटल्या डब्यात टाकण्याचीही मनाई, आणि भिंतीला खिळा ठोकणे तर दूरच. आई-वडिलांना इकडे आणण्याचा विचार असेल तर लिफ्ट असलेले किंवा तळमजल्यावरचे घर घ्या, भाडे शंभर-दीडशे युरोंनी जास्त पडले तरी. आणि शक्यतो डिसेंबरमध्ये बोलावू नका. साडेचारला अंधार होतो आणि दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा असतो.

तक्रारींतील सर्वांत मोठी तक्रार बुरशीची. झोपण्याच्या खोलीच्या उत्तरेकडील कोपऱ्यात दुसऱ्या हिवाळ्यात काळे डाग दिसू लागले. मालक कंपनीने पहिल्याच पत्रात दोष आमच्यावर टाकला: तुम्ही पुरेशी हवा खेळवत नाही. दिवसातून तीन-चार वेळा सर्व खिडक्या पाच-दहा मिनिटे पूर्ण उघडायच्या आणि मग बंद करायच्या, ही इथली पद्धत आम्ही पाळत होतो, आणि आमच्या स्वयंपाकात वाफ जास्त असते म्हणून जरा अधिकच पाळत होतो. शेवटी आम्ही १५ युरोंचे आर्द्रता-मापक घेतले आणि सहा आठवडे सकाळ-संध्याकाळची नोंद वहीत ठेवली. आकडे ५५ टक्क्यांच्या वर क्वचितच जात. ती वही पाठवल्यावर तपासणीला माणूस आला आणि बाहेरच्या पन्हाळीतून भिंतीत पाणी मुरत असल्याचे निघाले. पन्हाळीची दुरुस्ती व्हायला पहिल्या पत्रापासून सात महिने लागले, आणि त्या काळात मुलाचा खोकला हटला नाही. दीड तारा मी कापला आहे तो मुख्यतः यासाठी. नवीन घर घेताना कोपऱ्यांना हात लावून पाहा, कपाटामागे वाकून पाहा, आणि ताबा घेतानाच्या नोंदपत्रात प्रत्येक डाग, प्रत्येक ओरखडा लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

ते नोंदपत्र आम्हाला घर सोडताना कामी आले. कंपनीने सर्व भिंती रंगवून देण्याची मागणी केली होती. आम्ही घर घेतले तेव्हा ते रंगवलेले नव्हते हे नोंदपत्रात लिहिलेले होते, आणि अशा वेळी योग्य भरपाई दिलेली नसेल तर रंगकामाचे कलम भाडेकरूवर लादता येत नाही, असा निकाल जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१५ मध्ये दिलेला आहे. आम्ही त्या निकालाचा उल्लेख असलेले पत्र पाठवले आणि मागणी सोडून दिली गेली. ओटा आणि शेगडी पुढच्या भाडेकरूंना, नाशिकहून आलेल्या एका जोडप्याला, ९०० युरोंना दिली आणि नळजोडणी त्याच दिवशी करून दिली. अनामत रकमेच्या २,८८० युरोंपैकी २,५३० सहा आठवड्यांत खात्यात जमा झाले. उरलेले ३५० शेवटच्या हिशोबांसाठी राखून ठेवले आहेत, आणि ते केव्हा देणार याचे लेखी पत्र मी मागून घेतले आहे. नवे घर श्टुटगार्टच्याच बाड कानश्टाट भागात आहे, दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघर बसवलेले. तिथल्या जिन्यावरही लाकडी पाटी आहे, आणि पहिल्या वेळी मी कठडा पुसूनच ती पुढे दिली.